टेबलाच्या कडेची चिप

फेब्रुवारी लागला की माझं पोट बिघडतं. परीक्षा माझी नसते, ती देऊन जमाना झाला. तरी नांदेडच्या रस्त्यावरचं ऊन जरा बोचायला लागलं, झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरापोरींची गर्दी दिसली, हॉलतिकीट हा शब्द कुठून तरी कानावर पडला, की मला धड जेवण जात नाही. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी. मी म्हणते बारावी. उपाय दोन्हीवर एकच, गोळ्या घ्यायच्या आणि एप्रिलची वाट बघायची.

यंदा तर बारावी घरातच आहे. आयेशा, माझी लेक. परवा दुपारी अभ्यासातून उठून तिनं तिचा गेमचा डबा जेवणाच्या टेबलावर उघडला. आतला पंखा फार आवाज करतो, धूळ काढते, म्हणाली. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळं उघडलेलं यंत्र दिसलं की मला लांब बसवत नाही. पत्र्याचं झाकण निघालं. खाली बोर्ड. मधोमध एक मोठी चिप, तिच्यावर करडी पेस्ट वाळून पापुद्रा झालेली. भोवतीनं एकाच मापाच्या काळ्या चिपा. "मम्मी, ह्या मेमरीच्या ना? आणि ही कडेची कसली?" आयेशानं फोननं फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि नंबर खडाखडा वाचला. कडेची ती सगळ्यांना वीज वाटून देणारी निघाली. आता कुणाला भिंग लागत नाही, दिव्याखाली चिप तिरकी करावी लागत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "फोन ठेव जरा. समोर बघ, मान हलवू नकोस, आणि सांग, तुझ्या डाव्या हाताला टेबलावर काय काय आहे?"

"मम्मी, तू परत सुरू झालीस," आयेशा म्हणाली.

झालेच मी सुरू. दर फेब्रुवारीला होते. आणि एकदा सुरू झाले की नांदेडमधून निघून थेट लातूरला, अब्बांच्या दुकानात जाऊन बसते.

अब्बांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, गंजगोलाईच्या मागं एका बोळात. आमच्या घरात हे काम आजोबांपासूनचं. आजोबा घड्याळं आणि ग्रामोफोन उघडायचे, अब्बांनी रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग टेपरेकॉर्डर, आणि शेवटी टीव्हीला जोडायचे ते गेम. ज्या वर्षाबद्दल मी बोलते आहे त्या वर्षी मी बारावीला होते आणि लातुरात शिकवण्यांना नुसता ऊत आला होता. मुरूडहून, चाकूरहून, जळकोटहून पोरं यायची, कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत स्टोव्ह आणि गादी टाकून राहायची. पहाटे बोळातून सायकलींचा आवाज सुरू व्हायचा. दुधवाल्याच्या आधी शिकवणीची पोरं.

त्या हंगामात आमच्या गावाची एक रीत होती, बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो हसेल. घरात बारावी असली की बाकीचं सगळं थांबायचं. थोरल्या बहिणीचं लग्न थांबायचं. घराचा रंग थांबायचा. भावाभावांची वाटणीची भांडणंसुद्धा मार्चनंतरवर जायची. "औंदा बारावी हाय घरात," एवढं म्हटलं की समोरचा माणूस मान डोलवून गप्प व्हायचा. पुढं बोलणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं. आणि दिवाळी झाली की आईबाप आमच्या दुकानात यायला लागायचे, चांगले चालणारे टीव्ही आणि चांगले चालणारे गेम घेऊन. "चाचा, एखादा पार्ट काढून ठिवा. पण पोराला वाटलं पायजे की खराब झालाय."

अब्बा ठेवायचे काढून. टीव्हीचा भाग वेगळा, पण गेमचं काम त्यांच्या आवडीचं. पिवळट प्लास्टिकचा डबा, वर कॅसेट खोचायची फट, दोन बाजूंना दोन रिमोट. आतल्या बोर्डावर दोन लांबोळक्या चिपा, दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. दुकानात त्यांना चिप कुणी म्हणत नसे, आयसी म्हणत. त्यातली एक गेमचं डोकं, दुसरी टीव्हीवर चित्र काढणारी, आणि जवळच दोन बारक्या, त्यांच्यात आठवण. मोठ्या दोघी दिसायला अगदी सारख्या, पाठीवरचा नंबर वाचला तरच ओळख पटणार. अब्बा नंबर वाचून डोकं तेवढं उपसायचे, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदात गुंडाळायचे, वर पोराच्या नावाची चिठ्ठी, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. "अख्ख्या लातूरच्या गेमची डोकी माझ्या डब्यात हायेत," असं गिऱ्हाइकाला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. हसणाऱ्या अब्बांकडं बघून बोळातलं कुत्रंसुद्धा शेपटी हलवायचं.

नंबर वाचायला अब्बांना माझी गरज कधी पडली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. गेम बनवणारे बहुतेकदा चिपेवरची अक्षरं घासून टाकत, कुणी नक्कल करू नये म्हणून. मग चिप दिव्याखाली तिरकी धरायची, म्हणजे घासलेल्या जागेतून आकडे पुसट उमटत. मला ते दिसायला वेळ लागायचा. अब्बा भिंग लावून एका दमात वाचायचे. त्या हिवाळ्यात मला बोलवायचे ते दुसऱ्याच कामाला. "जरा बोट रख. बडी वाली किधर है?" मी बोर्डावर चिपेवर बोट ठेवायची, अब्बा माझ्या बोटाच्या रोखानं तोंड वळवायचे आणि मग झरझर वाचायचे. समोर आलेलं सगळं दिसायचं. समोर आणून द्यावं लागायचं, एवढंच.

आणि वस्तू पडायला लागल्या. चहाचा पेला, सोल्डरचं रीळ, एकदा दाराच्या चौकटीवर खांदा. पडलं की अब्बा हातातलं काम सोडून वर बघायचे आणि विचारायचे, "हला क्या?"

भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमच्या घराची एक भिंत तडकली, तेवढ्यावर आम्ही सुटलो. ज्यांचं सगळं गेलं त्यांची नावं अम्मी अजून दुआत घेते. पण त्यानंतर कित्येक वर्षं गावाला एक सवय जडली होती. ट्रक गेला, भांडं घरंगळलं, कुणी जोरात दार लावलं, की जो तो दुसऱ्याला विचारायचा, "हललं का?" अब्बांनी दुकानातल्या प्रत्येक फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून घेतली होती, टीव्ही घसरू नयेत म्हणून. त्यामुळं त्यांनी "हला क्या?" विचारलं की कुणाला वावगं वाटायचं नाही. अम्मी बिचारी सुरुवातीला ओढणी सावरत अंगणात पळायची. एकदा शेजारपाजारचे सगळे बोळात येऊन उभे राहिले, आणि अर्धा तास कुणाला किती जाणवलं याच्या गप्पा झाल्या. दोघांनी तर आवाजही ऐकला होता.

मी मात्र छताच्या पंख्याकडं बघायची. पंखा हलत नसायचा. एकदाही हलला नाही. जमीन जागच्या जागी आहे आणि अब्बांचं काहीतरी हललं आहे, हे कळायला बारावीचं विज्ञान लागत नव्हतं. मला जेवण न जाणं सुरू झालं ते तेव्हापासून. भूकंपाची भीती सगळ्यांबरोबर वाटून घेता येते, सगळे मिळून अंगणात झोपता येतं. ही माझी भीती मी कुणाबरोबर वाटून घेणार होते?

शकुंतला सिस्टर संक्रांतीच्या सुमारास दुकानात आल्या. मूळच्या चाकूरकडच्या, लातूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या, आणि त्यांचा मुलगा माझ्याच शिकवणीला होता. सिस्टरना कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून मुलाचा गेम त्यांनी घरीच भाजीच्या सुरीनं उघडला होता. डोकं कोणतं ते कळेना, तेव्हा मोठ्या दोन्ही चिपा उपटल्या आणि रुमालात बांधून, गेमसकट घेऊन आल्या. "चाचा, कोणती कुठली तेवढं वळखून नाव घालून ठिवा. परीक्षा झाल्यावर न्हाई बसली तर पोरगं मला घरात ठिवायचं न्हाई."

मी दुपारचा डबा घेऊन आले होते, तिथंच उभी होते. अब्बांनी बोर्ड समोर घेतला. सिस्टरनी रुमाल सोडला. एक चिप अब्बांच्या पुढ्यात पडली, दुसरी घसरत डावीकडं टेबलाच्या कडेला, बशीपाशी जाऊन थांबली. अब्बांनी पुढ्यातली उचलली, दिव्याखाली तिरकी केली, भिंग लावलं. "सत्तावीस. हे डोकं," म्हणाले. सिस्टर खूश झाल्या. "आता दुसरी द्या."

"हितंच हाय की," सिस्टर म्हणाल्या.

अब्बांचा हात टेबलावरून फिरायला लागला. चिप त्यांच्या करंगळीपासून वीतभरसुद्धा लांब नव्हती. हात तिच्या अलीकडून गेला, पलीकडून आला, बशीला लागला. अब्बा समोर बघत होते आणि हसत होते, जणू चिपच त्यांची थट्टा करते आहे. मी पुढं होणार, तेवढ्यात त्यांनी अख्खं तोंड डावीकडं वळवलं. नाक सरळ चिपेसमोर आल्यावर ती त्यांना दिसली. उचलली, भिंग, दिवा. "अडतीस. हे चित्र काढणारं." एवढा पुसट नंबर, पण एका दमात.

सिस्टर चिपेकडं बघतच नव्हत्या. त्यांनी अब्बांच्या कानाशेजारी दोन बोटं धरली. "चाचा, म्होरं बघा. किती बोटं हायेत?"

"कसली बोटं?" अब्बांनी मान वळवली.

"मान नका वळवू. चाचा, तुमाला बाजूचं दिसंना गेलंय. डोळे दाखवून घ्या."

"आवो सिस्टर, आत्ता नंबर वाचला न्हाई का म्या? तुमच्यानं वाचवंल का? मोतीबिंदू असंल, पिकाया लागला असंल. पिकू द्या. पोरीची बारावी हाय औंदा."

आता ही बाई दवाखान्यात नोकरी करणारी. मला वाटलं, ही तरी चिडेल. अब्बांचा हात धरून ओढत नेईल. सिस्टरचा चेहरा एकदम निवळला. "हाव, ते बी खरंच हाय," म्हणाल्या. "बारावी होऊ द्या. पर झाली की लगेच जावा बरं का." त्यांच्याही घरात बारावी होती ना. मी म्हटलं, "आत्ता का नाही?" तर दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू लहान पोर मोठ्यांच्या बोलण्यात मधे बोललं. सिस्टर मला म्हणाल्या, "रुबी बाळा, तू अभ्यासाला जा."

त्या गावाचा मला आजही राग येतो, आणि राग काढायला समोर कुणी सापडत नाही. कुणी दुष्ट नव्हतं. अब्बांचा हिशोब सरळ होता. डोळे दाखवले की ऑपरेशन निघणार, पट्टी बांधून घरी बसावं लागणार, भेटायला नातेवाईक येणार, अम्मीची धावपळ, घरात रडारड, आणि पोरीचं वर्ष जाणार. मोतीबिंदू काय, तो तर पिकायचीच वाट बघायची असते, सगळे असंच करतात. त्यात चूक काढायला जागा कुठं आहे?

मी एकदा अडून बसले. शिकवणीला गेले नाही. म्हटलं, तुम्ही डोळे दाखवा, मग जाते. अम्मीनं दुकानात निरोप पाठवला. अब्बा दुकान बंद करून घरी आले आणि माझ्या समोर जमिनीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तेरा एक दिन गया ना," अब्बा म्हणाले, "तो फिर मेरेकू सचमुच कुछ नहीं दिखेंगा." संध्याकाळच्या बॅचला मी गेले. त्या दिवशी नेमका डोळ्याचा धडा होता. फळ्यावर सरांनी भिंगं काढली, किरण काढले. जवळचं न दिसणं शिकवलं, दूरचं न दिसणं शिकवलं. बाजूचं न दिसणं पुस्तकात नव्हतं. मी वहीत सगळं उतरवून घेतलं, आकृतीला नावं दिली.

पुढचे आठवडे मी दोन अभ्यास केले. एक सेंद्रिय रसायनाचा आणि दुसरा अब्बांचा. जेवताना पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताला ठेवून बघायची, सापडतो का. मग स्वतःचीच लाज वाटून तो समोर सरकवायची. रस्त्यानं चालताना त्यांच्या उजव्या बाजूला राहायची, कारण सायकली तिकडून येत. त्यांनी सायकल चालवणं कधी सोडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. "चलना सेहत के वास्ते अच्छा है," म्हणायचे. मी मनातल्या मनात अल्लाला सांगायची की तो मोतीबिंदूच असू दे. एवढ्या तळमळीनं मी मार्कांसाठी दुआ मागितली नाही.

आयेशाला हे सगळं माहीत आहे. आजोबांकडून आईकडं आणि आईकडून लेकीकडं हा आजार येऊ शकतो, हेही माहीत आहे. दर वर्षी आम्ही दोघी डोळ्यांच्या तपासणीला जातो. अंधाऱ्या डब्यात डोकं घालून बसायचं, समोर नजर रोखायची, आणि कडेला कुठं बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. त्या डब्यात माझा जीव नुसता टांगणीला लागतो. उजेड दिसला नाही म्हणून दाबलं नाही, की उजेड आलाच नव्हता, हे आत बसलेल्या माणसाला कधी कळत नाही. मी तर घाबरून नको तिथंही दाबते, आणि तपासणाऱ्या मुलीची बोलणी खाते. यंदा आयेशा म्हणाली, माझे पेपर होऊ दे, मग जाऊ. माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या बाई दारात आल्या. दुसऱ्या दिवशी तिची सराव परीक्षा होती. ती बुडवून मी तिला घेऊन गेले. दोघींचं ठीक निघालं. परत येताना पोरगी माझ्याशी बोलली नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

लातूरच्या त्या वर्षी शेवटचा पेपर झाला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं हॉलतिकिटं खिशात घेऊन थेट दुकानात आलेली. बिस्किटाचा डबा उघडला गेला. चांदीचे कागद सुटायला लागले. पेपर देऊन आलेली मी, त्याच कपड्यात अब्बांच्या शेजारी उभी राहिले. मी रिकाम्या सॉकेटवर बोट ठेवायची, अब्बा चिपेचे पाय सरळ करून अलगद बसवायचे, टीव्हीवर चित्र उमटायचं आणि पोरं ओरडायची. एकही चिप चुकली नाही. सिस्टरच्या पोराचाही गेम चालू झाला. "आता उद्याच्याला जावा चाचा," सिस्टर म्हणाल्या, आणि अब्बा म्हणाले, "हाव, उद्याच."

खरंच दुसऱ्या दिवशी गेले. मीच नेलं. डॉक्टरांनी अब्बांना समोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि पेन त्यांच्या कानामागून हळूहळू पुढं आणायला सुरुवात केली. दिसलं की सांगा, म्हणाले. मी भिंतीशी बसून पेनाकडं बघत होते. पेन कानाजवळ आलं. गालाजवळ आलं. मला वाटलं आता म्हणतील. पेन डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आलं आणि तिथूनही पुढं गेलं. अब्बा शांतपणे समोर बघत होते, शहाण्या विद्यार्थ्यासारखे. नाकाच्या अगदी जवळ आल्यावर म्हणाले, "हां, दिखा."

मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. मोतीबिंदूला थांबून चालतं, ऑपरेशन करून नजर परत मिळते. हा कडेकडेनं खात आत येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, म्हणून माणूस बारीक नंबर वाचत राहतो आणि त्याला वाटतं आपले डोळे उत्तम आहेत. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. राहिलं आहे तेवढं औषधानं धरून ठेवू, म्हणाले. मग कागदावर लिहिता लिहिता सहज बोलून गेले, "दिवाळीच्या सुमाराला आला असता ना चाचा, तर बरंच वाचलं असतं."

औषधाचे थेंब घेतले, कसे घालायचे ते समजून घेतलं, बाहेर आलो. ऑटोत अब्बा माझ्या डावीकडं बसले. ऊन रणरणत होतं. शिवाजी चौकात गर्दी होती, कुठल्याशा शिकवणीची पुढच्या वर्षाची जाहिरात लावण्यासाठी माणसं बांबू उभे करत होती. अब्बांनी अख्खं तोंड माझ्याकडं वळवलं, मी समोर येईपर्यंत.

"घर में बोल, इम्तिहान के बाद शुरू हुआ," म्हणाले. "अम्मी को, सब को. आज-कल मेंच हुआ, ऐसा बोल." माझा हात शोधून धरला. "और तू बी वैसाच समझ."

मी हो म्हणाले. घरी गेल्यावर अम्मीला तसंच सांगितलं. अम्मी आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की रुबीची बारावी झाली आणि त्यानंतर तिच्या अब्बांचे डोळे गेले. मी तिथंच बसलेली असते, मान डोलवते. तसं समजायला मात्र मला अजून जमलेलं नाही.